मासे कोणी खाल्ले होते?

विनिपेगहून व्हँकूव्हरकडे निघालेलं विमान. रात्रीची वेळ आणि खराब हवा. जेवणाला दोन पर्याय, एक मटणाचा आणि एक माशाचा. ज्यांनी मासे घेतले ते थोड्याच वेळात पोट धरून वाकायला लागतात, आणि त्यांच्यात मुख्य वैमानिक आहे, सहवैमानिकही आहे. उरलेल्यांत विमान चालवलेला एकच माणूस निघतो, टेड स्ट्रायकर. पण त्याने चालवलेलं विमान म्हणजे महायुद्धातलं लढाऊ विमान, आणि त्यालाही दहा वर्षं उलटलेली. आपल्या एका निर्णयापायी सहा सहकारी परतले नाहीत, ही टोचणी त्याला तेव्हापासून सोडत नाही. एकही नोकरी टिकत नाही. बायको कंटाळून मुलाला घेऊन निघाली आहे, आणि ती याच विमानात बसली म्हणून तोही धावतपळत तिकीट काढून मागोमाग चढला आहे.

या कथेत हसण्यासारखं काहीच नाही. १९५७ साली पॅरामाउंटने ती 'झीरो अवर!' या नावाने पडद्यावर आणली तेव्हा प्रेक्षक श्वास रोखून बसावेत अशीच अपेक्षा होती. तेवीस वर्षांनी, १९८० साली, त्याच पॅरामाउंटच्या झेंड्याखाली तीच कथा पुन्हा आली. मासेही तेच, टेडही तोच, अनेक संवादही जसेच्या तसे. या वेळी चित्रपटाचं नाव होतं 'एअरप्लेन!' आणि लोक खुर्चीवरून घसरेपर्यंत हसत होते. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००० साली शंभर विनोदी चित्रपटांची यादी केली, तीत 'एअरप्लेन!' दहाव्या स्थानावर आहे. नावापुढचं उद्गारचिन्हसुद्धा जुन्या चित्रपटाकडूनच घेतलेलं.

गंभीर चित्रपटाचा विनोदी अवतार म्हटलं की मूळ गोष्ट घ्यायची आणि तिच्यात गमती कालवायच्या, असं आपण धरून चालतो. 'एअरप्लेन!' नीट पाहिला, आणि शक्य असेल तर 'झीरो अवर!'च्या शेजारी ठेवून पाहिला, तर उलटंच दिसतं. जिथे फार थोडं बदललं तिथेच हसू सगळ्यात जास्त आणि सगळ्यात टिकाऊ आहे.

आधी मूळ चित्रपटाला न्याय देऊ, कारण 'एअरप्लेन!'च्या चाहत्यांनी त्याची फार टर उडवली आहे. कथेचा जनक आर्थर हेली. 'हॉटेल' आणि 'एअरपोर्ट' या जाडजूड कादंबऱ्यांनी पुढे जगभर खपाचे विक्रम केले, तोच हा हेली. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता, १९४७ साली कॅनडात जाऊन स्थायिक झाला. एका विमानप्रवासात त्याच्या डोक्यात आलं, आत्ता दोन्ही वैमानिक आजारी पडले तर? मी इतक्या वर्षांनी हे विमान उतरवू शकेन का? त्यातून त्याने कॅनडाच्या सीबीसी वाहिनीसाठी 'फ्लाइट इन्टू डेंजर' हे नाटक लिहिलं. ते १९५६च्या एप्रिलमध्ये प्रसारित झालं आणि गाजलं. त्यातला नायक होता जेम्स डूहन, म्हणजे पुढे 'स्टार ट्रेक'मध्ये स्कॉटी म्हणून घराघरात पोचलेला नट. 'झीरो अवर!' या नाटकावरूनच निघाला आणि पटकथालेखकांत खुद्द हेलीही होता.

हेलीची कल्पना बाष्कळ नव्हती. अनेक विमान कंपन्यांत आजही दोन्ही वैमानिकांना वेगवेगळं जेवण देण्याची पद्धत आहे, आणि तिच्यामागचं कारण हेच. दिग्दर्शक हॉल बार्टलेटने नटही कसलेले घेतले. डेना अँड्र्यूजने 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज'मध्ये १९४६ सालीच युद्धावरून परतलेला, रात्री दचकून उठणारा हवाई दलातला अधिकारी उभा केला होता. जमिनीवरून सूचना देणारा करडा कॅप्टन ट्रेलीव्हन म्हणजे स्टर्लिंग हेडन. 'गॉडफादर'मध्ये मायकेल हॉटेलात ज्या पोलीस अधिकाऱ्याला गोळी घालतो, तोच हा नट. चित्रपट जेमतेम ऐंशी मिनिटांचा, काळापांढरा, बेताच्या पैशांत केलेला. संवाद मात्र असे की प्रत्येक पात्र जणू शेवटचं वाक्य बोलतंय. मुद्द्याची गोष्ट साधेपणाने सांगणं या चित्रपटाला माहीतच नाही. डॉक्टर म्हणतो, आता आपला जीव एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: असा माणूस शोधायचा, ज्याला विमान तर चालवता येतंच, पण ज्याने रात्री मासे खाल्लेले नाहीत. ज्या गंभीर चेहऱ्याने तो हे बोलतो त्याने १९५७चा प्रेक्षक हबकला असेल. आपण फक्त 'मासे' हा शब्द ऐकतो.

हाच शब्द तीन पोरांनीही ऐकला. जिम अब्राहम्स, डेव्हिड झकर आणि जेरी झकर हे मिलवॉकीचे. मॅडिसनमध्ये शिकताना त्यांनी 'केंटकी फ्राइड थिएटर' नावाची नाटकमंडळी काढली होती. टीव्हीवरच्या जाहिरातींची नक्कल हा त्यांचा हातखंडा. टिंगलीला माल हवा म्हणून ते रात्री उशिरा लागणारे कार्यक्रम मशीन लावून रेकॉर्ड करून ठेवायचे. त्यांना हव्या होत्या जाहिराती, पण जाहिरातींच्या मधल्या जागेत एक जुना चित्रपट सापडला. तो 'झीरो अवर!'. त्यांचा पहिला खर्डाही तसाच होता: एका रात्री टीव्हीवर लागलेला विमानाचा चित्रपट आणि त्याच्या अधूनमधून खोट्या जाहिराती. हळूहळू जाहिराती गळाल्या आणि विमान उरलं. दरम्यान १९७७ साली 'केंटकी फ्राइड मूव्ही' हा त्यांनी लिहिलेला चित्रपट येऊन गेला. तो निव्वळ सुट्या प्रहसनांचा होता. सुट्या गमती दीड तास ओढता येत नाहीत, मध्येच प्रेक्षक थकतो. कथेचा दोर लागतो, आणि तो 'झीरो अवर!'कडे भक्कम होता.

आता व्यवहाराची बाब. एखाद्या प्रकारच्या चित्रपटांची खिल्ली उडवायला कोणाची परवानगी लागत नाही. पण यांना दुसऱ्याची पटकथाच हवी होती, प्रसंगांच्या क्रमासकट आणि वाक्यांसकट. म्हणून 'झीरो अवर!'चे हक्क रीतसर विकत घेतले. 'एअरप्लेन!'ला बहुतेक लोक विडंबन समजतात. कागदोपत्री आणि प्रत्यक्षातही तो पुनर्निर्मिती आहे.

हे किती शब्दशः आहे ते पाहायला एकच जागा घेऊ. टेडच्या भूतकाळाचा उल्लेख निघतो. माझ्या चुकीमुळे त्या हल्ल्यातून सहा जण परत आले नाहीत, असं तो म्हणतो. हे वाक्य जुन्याच चित्रपटाचं. त्यात ते पूर्ण गांभीर्याने येतं. 'एअरप्लेन!'मध्ये समोरून तितक्याच शांतपणे दुरुस्ती येते: सात. लेफ्टनंट झिप आज सकाळी गेला. बस्स, इतकंच. कोणी भुवई उंचावत नाही, कॅमेरा झटकन जवळ जात नाही, संगीताची लय मोडत नाही. मूळ वाक्याला एक आकडा जोडला आणि सगळं दुःख कोलमडलं. हा विनोद वेगळा लिहून काढला तर त्यात काहीच नाही, उलट थोडा क्रूरच वाटेल. त्याला आधी त्या सहा जणांचं ओझं लागतं, आणि ते ओझं १९५७ सालीच कोणीतरी मनापासून तयार करून ठेवलेलं आहे.

दुसरी जागा धूम्रपानाची. विमान वादळात, जमिनीवर सगळे हवालदिल, आणि ट्रेलीव्हन म्हणतो की सिगारेट सोडायला मी नेमका चुकीचा आठवडा निवडला. हेही 'झीरो अवर!'मधलंच वाक्य, आणि तिथे ते अगदी माणसाच्या तोंडचं, खरं वाटतं. 'एअरप्लेन!'मध्ये ते नियंत्रण कक्षातल्या मॅक्रॉस्कीकडे, म्हणजे लॉइड ब्रिजेसकडे आलं. पहिल्यांदा सिगारेट. थोड्या वेळाने दारू सोडायला चुकीचा आठवडा. मग उत्तेजक गोळ्या. मग गोंद हुंगणं. आवाजातली चिंता चारही वेळा तीच. आपल्याकडे कीर्तनकार एखादं पालुपद घेऊन दर वेळी त्याच्यावर नवी ओळ चढवतो, तशी ही चढती भाजणी आहे, आणि पहिली पायरी जुन्या घराचीच.

तिसरी जागा कॉकपिटची. मूळ चित्रपटात लहानग्या जोईला वैमानिकांची खोली दाखवायला नेतात. तिथला भला कॅप्टन म्हणजे एलरॉय हर्श, 'क्रेझीलेग्ज' या टोपणनावाने ओळखला जाणारा अमेरिकन फुटबॉलचा नामांकित खेळाडू. त्या काळी खेळाडूला चित्रपटात घेऊन तिकीट खपवायची पद्धत होती. तिघांनी ही खोड बरोबर पकडली आणि सहवैमानिकाच्या जागी करीम अब्दुल-जब्बारला बसवलं. बास्केटबॉलमधला जगप्रसिद्ध, सव्वासात फुटांच्या आसपासचा माणूस वैमानिकाच्या गणवेशात. पोरगा त्याला लगेच ओळखतो. तो म्हणतो, छे, मी रॉजर मर्डॉक, सहवैमानिक. पोरगा ऐकत नाही. तुम्ही बचावात जीव तोडून खेळत नाही असं बाबा म्हणतात, हेही सांगून टाकतो. मग मात्र मर्डॉकसाहेबांचा पारा चढतो आणि बिंग फुटतं. पुढे बेशुद्ध पडल्यावर त्याला ओढून बाहेर काढतात तेव्हा अंगात लेकर्स संघाची चड्डी दिसते. १९५७च्या चित्रपटाने प्रेक्षकाला विनंती केली होती, हा खेळाडू आहे हे विसरा. 'एअरप्लेन!'ने ती विनंती पात्राच्याच तोंडी घातली.

हे सगळं उभं राहिलं ते एका हट्टावर. स्टुडिओला नेहमीचे विनोदी नट हवे होते. तिघांनी ठाम नकार दिला आणि असे चेहरे आणले ज्यांच्याकडे पाहून लोकांना हसण्याची सवयच नव्हती. 'मिशन: इम्पॉसिबल'मधला पीटर ग्रेव्हज कॅप्टन झाला. रॉबर्ट स्टॅक तर १९५४च्या 'द हाय अँड द मायटी'मध्ये संकटातल्या विमानाचा वैमानिक होता. डॉक्टर झाला लेस्ली नील्सन. १९७२च्या 'द पोसायडन अॅडव्हेंचर'मध्ये तो बुडणाऱ्या जहाजाचा कप्तान होता, आणि तोवर त्याला कोणी विनोदी नट म्हटलं नव्हतं. तो माशांच्या विषबाधेची लक्षणं एकेक करून शांतपणे सांगत असतो, आणि ते प्रत्येक लक्षण कॅप्टन ग्रेव्हजच्या अंगावर ताबडतोब दिसत जातं. डॉक्टर त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. नील्सन त्या क्षणी हसवायचा प्रयत्न करत असता तर सगळं फसलं असतं.

कॅमेऱ्यामागेही हाच नियम. छायाचित्रण जोसेफ बायरॉकचं. त्याला ऑस्कर मिळालं होतं 'द टॉवरिंग इन्फर्नो'साठी, म्हणजे ज्या जातीच्या आपत्तिपटांची ही थट्टा चालली होती त्यांच्यातल्याच एका बड्या चित्रपटासाठी. संगीत 'द मॅग्निफिसंट सेव्हन'वाल्या एल्मर बर्नस्टीनचं, आणि त्याने ते एखाद्या मध्यम दर्जाच्या गंभीर चित्रपटाला द्यावं तसं दिलं, मध्ये कुठेही गुदगुल्या करणारा सूर नाही. एका बाबतीत मात्र स्टुडिओने तिघांचं ऐकलं नाही. त्यांना जुन्यासारखंच काळ्यापांढऱ्या रंगात आणि पंख्याच्या विमानात चित्रण करायचं होतं. पॅरामाउंटने रंग आणि जेट विमान लादलं. यांनी जेट घेतलं आणि त्याला आवाज पंख्याच्या इंजिनाचा लावला. संपूर्ण चित्रपटभर ते जेट घुरघुरत जातं. बऱ्याच प्रेक्षकांच्या ते ध्यानातही येत नाही. कानांना काहीतरी जुनाट वाटत राहतं, इतकंच. माझ्या मते चित्रपटातला हा सगळ्यात चांगला विनोद.

मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने १९२०च्या दशकात 'झेंडूची फुले' लिहिली तेव्हा तत्कालीन कवींचे छंद आणि थाट त्यांनी राखले. आतला विषय तेवढा बदलला. थाट घसरला असता तर टिंगल टवाळीच्या पातळीवर उतरली असती. आपल्या चित्रपटांनी मात्र बहुधा दुसरा रस्ता धरला. १९८८चा 'चाइल्ड्स प्ले' हा खुनी बाहुल्याचा अमेरिकन भयपट आणि महेश कोठारे यांचा १९९३चा 'झपाटलेला' शेजारी ठेवून बघा. दोन्हींत मरणाऱ्या गुंडाचा आत्मा मंत्राने बाहुल्यात शिरतो. पण शिकागोच्या पोराच्या जागी इथे लक्ष्या आला, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, ज्यांच्या नुसत्या येण्याने थिएटरात हशा पिकायचा. रामदास पाध्यांच्या हातचा बाहुला तात्या विंचू भीती घालतो आणि लक्ष्या हसवतो, कामाची सरळ वाटणी. आपल्याला कुठे हसायचं ते लक्ष्याचा चेहरा सांगतो. 'एअरप्लेन!'मध्ये असा चेहराच नाही. एक जॉनी सोडला, जो नियंत्रण कक्षात वाटेल ते बरळत फिरतो, तर कोणालाही आपण विनोदी चित्रपटात आहोत याची खबर नाही. कोणता रस्ता चांगला हा वाद व्यर्थ आहे. 'झपाटलेला'ने एक नवीन गोष्ट जन्माला घातली, जिच्या बाहुल्याचं नाव आज मूळ अमेरिकन बाहुल्यापेक्षा, चकीपेक्षा, महाराष्ट्रात जास्त पोरांना ठाऊक आहे. 'एअरप्लेन!'ने जुन्या गोष्टीला नुसतं उजेडात आणलं.

पण 'एअरप्लेन!' सगळा काही 'झीरो अवर!'वर उभा नाही. त्यात इतर चित्रपट आणि त्या काळचा टीव्ही भरपूर आला आहे. 'सॅटर्डे नाइट फीव्हर'चा नाच आहे, सुरुवातीला ढगांतून विमानाची शेपटी 'जॉज'च्या माशासारखी फिरते, आणि गिटार वाजवून आजारी मुलीला रिझवणारा प्रसंग 'एअरपोर्ट १९७५'वरून उचललेला. (त्या 'एअरपोर्ट १९७५'मध्येच एका छोट्या विमानाच्या चालकाला हृदयविकाराचा झटका येतो आणि त्याचं विमान मोठ्या विमानावर आदळतं. तो चालक कोण? डेना अँड्र्यूज. 'झीरो अवर!'चा नायक हेलीच्याच दुसऱ्या कथेतून फुटलेल्या चित्रपटमालिकेत विमान वाचवायला नाही, पाडायला आला होता.) या सगळ्या नकलांचं वय आता दिसायला लागलंय. एका स्त्रीच्या मनात नवऱ्याने दुसऱ्यांदा कॉफी मागितल्याचा विचार येतो. तो त्या वेळच्या कॉफीच्या जाहिरातीचा टोला आहे, जाहिरात ठाऊक नसेल तर बाई अशी का वागते ते कळत नाही. टेड टॅक्सी चालवतो आणि विमान पकडायच्या घाईत एका गिऱ्हाइकाला मीटर चालू ठेवून गाडीत सोडून जातो. ते गिऱ्हाईक म्हणजे हॉवर्ड जार्व्हिस, १९७८ साली कॅलिफोर्नियात मालमत्ता कर कमी करायला लावणारा चळवळ्या. पैशाचा इतका काटेकोर माणूस मुकाट मीटर पळताना बघत बसलाय, ही गंमत तेव्हाच्या अमेरिकन प्रेक्षकालाच पुरती कळली असणार. आफ्रिकेतल्या आदिवासींना बास्केटबॉल शिकवण्याचा प्रसंग तर आज पाहवत नाही, आणि तेव्हाही तो फारसा चांगला नव्हता.

या यादीत 'झीरो अवर!'वरून आलेला विनोद एकही नाही. मासे, सिगारेटचा आठवडा, सहाचे सात, कॉकपिटमधला पोरगा: हे सगळे अजून ताजे आहेत, आणि मूळ चित्रपटाचं नावही न ऐकलेल्या माणसाला हसवतात. कारण जाहिरातीची नक्कल जाहिरात आठवणाऱ्यावर विसंबून असते, आणि इथे संदर्भ चित्रपटाच्या आतच आहे. संकट खरं, घड्याळ धावतंय, विमान उतरवायचं आहे. जुन्या पटकथेने बांधलेला ताण या चित्रपटात कुठेच सुटत नाही. शेवटच्या उतरणीत आपण हसतो, तरी विमान नीट टेकावं असंही वाटत राहतं. या तिघांनी १९८४ साली 'टॉप सीक्रेट!' काढला. विनोदांची गर्दी त्यातही तितकीच, पण पाठीला असा तयार कणा नव्हता, आणि तो खूपच कमी चालला.

इतकं शब्दशः उचलणाऱ्या तिघांनी एक गोष्ट मात्र घेतली नाही. 'झीरो अवर!'मध्ये मासे खाऊन आजारी पडलेल्यांत जोईही आहे, टेडचा स्वतःचा मुलगा. कॉकपिट बघायला गेलेला तोच. आत बाप चाकाशी झटतोय आणि मागे त्याचं पोर तापाने फणफणलंय. अँड्र्यूजच्या कपाळावरचा घाम त्यामुळे नुसता उड्डाणाच्या भीतीचा राहत नाही. 'एअरप्लेन!'मध्ये टेडला मूलच नाही. बायकोची प्रेयसी झाली आणि तिला त्याच विमानात हवाईसुंदरीचं काम दिलं. कॉकपिट बघणारा जोई उरला, पण तो दुसऱ्याच कोणाचा. आजारी मूलही चित्रपटात आहे, हृदयाच्या ऑपरेशनसाठी निघालेली एक मुलगी, पण तीही परकी. तिची सलाइनची नळी गिटारच्या धक्क्याने निघते आणि आपण हसतो. ती टेडची मुलगी असती तर तो प्रसंग लिहिताच आला नसता, आणि लिहिला असता तरी पुढे चाकाशी घाम गाळणाऱ्या टेडकडे पाहून कोणी हसलं नसतं. त्याच्या चेहऱ्यावरून 'एअरप्लेन!'मध्ये घाम बादलीभर पाणी ओतल्यासारखा वाहतो. इतका घाम वाहू द्यायचा तर आधी त्या पोराला विमानातून उतरवणं भाग होतं.